पाहुण्यांचा ब्राउझर

कराडच्या डुबलसरांच्या टॅबवर चार ब्राउझर होते आणि त्यांतला एकच चालता होता. यात सरांचं काही वेगळेपण नव्हतं, त्या काळात घरोघरी हीच तऱ्हा होती. एका विद्यापीठानं यावर रीतसर पाहणी केली. जो ब्राउझर वापरायचाच नाही तो मुळात घेतलात कशाला, असं लोकांना विचारलं. कुणी म्हणालं, विजेचं बिल याच्यातच भरलं जातं. कुणी म्हणालं, भाच्यानं टाकून दिलाय, काढायचा कसा ते ठाऊक नाही. बहुसंख्य लोकांनी मात्र दोनच शब्दांत उत्तर दिलं, "असू दे." संशोधकांनी त्या दोन शब्दांवर जाडजूड अहवाल लिहिला. ज्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबे आणि मेलेल्या मोबाइलचे चार्जर जपून ठेवतात, त्या घराला हा प्रश्न विचारावासा वाटला, इथंच त्यांचं चुकलं.

सरांचा चौथा ब्राउझर मात्र या 'असू दे'तला नव्हता. त्याचं नाव 'गवाक्ष', आणि तो खास पाहुण्यांसाठी घेतलेला होता. आता ब्राउझर पाहुण्यांसाठी कसा असतो हे कळायला आधी छबी म्हणजे काय ते सांगायला हवं.

पूर्वी ब्राउझर एवढंच टिपून ठेवायचे, की माणसानं काय उघडलं. त्यातून फारसं हाती लागत नसे, कारण माणूस नाही नाही त्या कारणांनी नाही नाही ते उघडतो. मग एका प्रयोगशाळेच्या लक्षात आलं, की खरी गोम उघडण्यात नाही, थबकण्यात आहे. पान सरकवता सरकवता अंगठा कुठे निमिषभर रेंगाळतो, लिहिलेलं काय खोडलं जातं, पुढे गेलेला माणूस कशासाठी पुन्हा वर येतो, यावर आपला ताबा नसतो. पापणी लवते तेव्हा तरी कुठे असतो? अशा लाखो थबकण्यांचं गणित मांडलं की आकड्यांचा एक भलामोठा पुंजका तयार होतो. तीच त्या माणसाची छबी. ती कुणालाही वाचता येत नाही, बनवणाऱ्यांनाही नाही. पण एका छबीशेजारी दुसरी ठेवली, तर ही दोन माणसं एकमेकांना कितपत मानवतील, ते मात्र नेमकं कळतं.

हे जाहीर व्हायचा अवकाश, आपल्याकडच्या वधुवर मंडळांनी ते उचललं. कंपन्यांनी आधी शंभरपैकी गुण द्यायचं ठरवलं होतं, पण शंभरावर कुणाचा विश्वास बसेना. छत्तीसपैकी केले आणि धंदा धावायला लागला. दोन फोन एकमेकांना टेकवायचे, की आकडा हजर. कायदा कडक होता. छबी उघडायची नाही, वापरणाऱ्याचा चेहरा टिपायचा नाही, आणि कुठल्या ब्राउझरची छबी द्यायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. या शेवटच्या कलमात लोकांना जे दिसायचं ते बरोबर दिसलं. कंपन्या आपापल्या छब्या एकमेकींना देत नसत. म्हणजे जितके ब्राउझर तितक्या छब्या. घरात जसे चहाचे दोन संच असतात, एक कान तुटलेला रोजचा आणि एक काचेच्या कपाटातला, तसंच हे झालं. रोजच्यात हवा तो धिंगाणा घाला, पाहुण्यांच्यात चांगलंचुंगलं बघा. अडचण एवढीच, की छबी धरायला सहा महिने रोजचा वापर लागतो, आणि सहा महिने रोज चांगलंचुंगलं बघत बसायचा दम कुणातच नसतो. लोक मोठ्या उमेदीनं गवाक्ष घेत, दोन दिवस सूर्यनमस्कार बघत आणि विसरून जात.

ओवीही विसरली. ओवी म्हणजे सरांची एकुलती एक मुलगी. उसावर फवारणी करणारे ड्रोन दुरुस्त करणं हा तिचा उद्योग, आणि फावल्या वेळात साप पकडणाऱ्यांच्या चित्रफिती बघणं हा छंद. तिच्या रोजच्या ब्राउझरची छबी दोन स्थळांशी लावून झाली होती. एकाशी नऊ जुळले, दुसऱ्याशी अकरा. नऊवाल्याच्या आईनं तर फोन करून "तुमचा फोन पाण्यात पडला होता का?" अशी काळजीनं चौकशी केली. ओवी पोट धरून हसली. सर हसले नाहीत.

तुषार डुबल हे शाळेत पी.टी.चे सर होते आणि निवृत्त झाल्यावरही गावानं त्यांना सरच ठेवलं होतं. वैशालीबाई गेल्यापासून घरात बाप आणि लेक दोघंच. सर अजूनही पहाटे मैदानाला फेऱ्या मारत, पण किती मारल्या ते घरी येऊन सांगायचं कुणाला? तरी स्वतःच्या एकटेपणाचं त्यांना तेवढं वाटत नसे. त्यांना सलत होतं ते वेगळंच. गुवाहाटीकडून ओवीला चहाच्या मळ्यांवरच्या ड्रोनचं मोठं काम चालून आलं होतं आणि "लांब आहे" म्हणून तिनं ते नाकारलं होतं. लांब कुणापासून, हे तिनं सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही. पोरगी आपल्या पायात अडकलीय, हे त्यांना कळत होतं. लग्न झालं म्हणजे सुटेल, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

मंडळातल्या बाईंनी पाहुण्यांच्या ब्राउझरचं सुचवलं, तेव्हा ओवीनं वडिलांच्या टॅबवर आपल्या नावानं तो घेतला, दोन दिवस बघितला आणि जांभई दिली. "पप्पा, मला नाही जमत. ह्याच्यापेक्षा ते नऊ बरे."

खेळाडू बसला म्हणून प्रशिक्षकानं बसायचं नसतं. दुसऱ्या दिवशी चार वाजता, ओवी कामावर असताना, सरांनी दार लोटलं, चष्मा लावला, टॅब मांडीवर घेतला आणि ते सुलक्षणी मुलगी झाले.

पहिला महिना त्यांनी कवायतीसारखा काढला. सोमवारी मऊ पोळ्या, मंगळवारी बचतीच्या योजना, बुधवारी सासरच्या माणसांशी कसं वागावं. बुधवारचा मजकूर वाचून त्यांचं डोकंच फिरलं. "माझी मुलगी असलं काही ऐकून घेणार नाही," अशी सणसणीत प्रतिक्रिया त्यांनी लिहिली आणि आपणच मुलगी आहोत हे आठवून खोडून टाकली. गुरुवारी रांगोळी. मोराच्या रांगोळीत ठिपक्यांची एक ओळ वाकडी आहे हे त्यांच्या लगेच नजरेत भरलं आणि ते फार अस्वस्थ झाले.

पण नाटक किती दिवस करणार? हळूहळू पोळ्यांवरून अंगठा झरझर पुढे जायला लागला आणि भलतीकडेच रेंगाळायला लागला. कुठे, हे सरांनी स्वतःलाही विचारलं नाही. एवढं मात्र खरं, की जेवण उरकल्यापासून ते चार वाजायची वाट बघू लागले.

सहा महिने भरले आणि वाईच्या जगदाळ्यांचं स्थळ आलं. मुलगा शर्विल, दातांचा डॉक्टर. वडील वारलेले. आई रूपालीताई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. मंडळाच्या कचेरीत टॅबला टॅब टेकवला आणि आकडा उमटला, चौतीस. मंडळातल्या बाई खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. चौतीस त्यांनी आजवर फक्त जाहिरातीत बघितले होते.

पुढच्या रविवारी जगदाळे मायलेक कराडला आले. पोहे झाले, चहा झाला, आणि चौतीस गुणांची ती जोडी समोरासमोर बसली.

"तुम्ही रात्री दात घासता का?" शर्विलनं विचारलं.

"आठवण झाली तर," ओवी म्हणाली. "तुम्ही कधी धामण हातात धरलीय?"

शर्विलनं सोफ्यावरचे पाय नकळत वर घेतले. मग कुणीतरी रीतीप्रमाणे त्यांना गच्चीवर पाठवलं आणि दोघं अगदी थोड्या वेळात खाली आले. पण ते आल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. कारण रूपालीताई सांगत होत्या, की सह्याद्रीचा नकाशा फळ्यावर काढताना पोरं कशी माना टाकत, आणि सर म्हणत होते, "पोटात भूक असते हो त्यांच्या. तो तास मधल्या सुट्टीच्या..."

"...आधीचा असतो ना!" रूपालीताईंनी पूर्ण केलं. "मी तीस वर्षं मुख्याध्यापकांना हेच सांगत आले."

"तुम्हाला पोहे तिखट झाले का?"

"नाही. पण शेंगदाणे जरा आणखी तळायला हवे होते."

"मीही ओवीला हेच म्हणतो," असं म्हणून सर इतके हसले, की ओवी त्यांच्याकडे बघतच राहिली. घरात हा आवाज तिनं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. उन्हं कलली तरी दोघांचं संपेना. शेवटी शर्विलनंच आईची पर्स तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ओवी अचानक घरी आली. सर टॅबमध्ये इतके गढले होते, की दार उघडलेलं त्यांना कळलं नाही. वर लिहिलेलं होतं, 'नमस्कार, ओवी.'

"पप्पा, ही ओवी कोण?"

सर ताडकन सावधानमध्ये उभे राहिले. "तुझ्या छबीची जरा देखभाल करत होतो."

"कधीपासून?"

"सहा महिने झाले," सर म्हणाले. ओवीनं आधी तोंडावर हात धरून हसू दाबलं, आणि मग तिला एकदम राग आला. "काल गच्चीवर आम्ही रोजचे फोन टेकवून बघितले. सहा आले, सहा! मी रात्रभर विचार करतीय की हे चौतीस गेले कुठं. म्हणजे ते तुमचे होते? माझ्या नावानं तुम्ही बसत होता?"

"तुझ्यासाठीच गं. लग्न झालं म्हणजे तू सुटशील, म्हणून."

"सुटशील? कशातनं? गेल्या महिन्यात मी गुवाहाटीला तिसऱ्यांदा नाही म्हटलं, ठाऊक आहे? का, तर तुम्ही इथं एकटे. आणि वाईचं स्थळ बघायला हो म्हणाले, का, तर वाईहून गाडी काढली की तुमच्यापर्यंत लगेच पोहोचता येईल. मला नवरा नको होता पप्पा, जवळचा गाव हवा होता!"

आपण पोरीला सोडवायला निघालो होतो आणि प्रत्यक्षात गाठ आणखी आवळत होतो, हे सरांना त्या क्षणी लख्ख समजलं आणि फार वाईट वाटलं. पण ओवीचं डोकं तोवर पुढे धावलं होतं. इकडं पप्पा बसत होते, तर तिकडं कोण बसत होतं? तिनं शर्विलला फोन लावला.

"आई?" शर्विल म्हणाला. त्याच्या मागे कुणीतरी आ वासून कण्हत होतं. "आई रोज दुपारी माझा टॅब घेऊन बसते. मला वाटलं रेसिपी बघते. का?" मग तो गप्प झाला. कण्हणाराही थांबला. "अरे देवा," शर्विल म्हणाला.

सरांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. आयुष्यभर ज्यांनी पोरांना नियम शिकवले, त्यांचं असल्या लबाडीत एका भल्या बाईशी नाव जोडलं गेलं होतं, आणि वर चौतीस! गावाला कळलं तर? त्यांनी गवाक्ष पुसून टाकायला बोट पुढे केलं, पण ओवीनं टॅब हिसकावून घेतला. "पुसायचं नाही. आधी वाईला जायचं, त्यांची माफी मागायची, स्थळ मोडलं म्हणून सांगायचं. मग काय पुसायचं ते पुसा."

माफी मागायला म्हणून सर गाडीत बसले. पण वाईला पोहोचल्यावर त्यांना काहीतरी वेगळंच घडतंय असं वाटायला लागलं. बैठकीत एका बाजूला ओवी बसली आणि दुसऱ्या बाजूला शर्विल, दोघंही यजमानासारखे ताठ. सर आणि रूपालीताई मध्ये, मान खाली घालून.

"आमचे पप्पा निर्व्यसनी आहेत," ओवी म्हणाली. "पहाटे फेऱ्या मारतात. रागीट आहेत, पण पाच मिनिटांत उतरतो. पेन्शन आहे."

"दात?" शर्विलनं विचारलं.

"दोन कवळीचे. बाकी स्वतःचे."

"आमच्या आईला कुणी मध्येच बोललेलं चालत नाही. मोठ्यानं वाचायची सवय आहे. प्रवासात नकाशा तीच धरते." शर्विलनं घसा खाकरला. "आता जरा दोघांना बोलू द्यावं म्हणतो मी. फोन मात्र इथंच ठेवून जा."

"शर्विल, फार शहाणा झालास," रूपालीताई म्हणाल्या. पण फोन ठेवला.

मागच्या गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. सर उभेच राहिले. "मी माफी मागायला आलोय," ते म्हणाले. "मुलीच्या नावानं रोज चारला बसलो. चूक झाली."

"मग मला दोनदा मागावी लागेल. तुम्ही निदान पोळ्याबिळ्या तरी बघत असाल. मी सहा महिने व्यायामशाळेची वजनं बघितली, सर. दंड किती इंचाचा असावा ते विचारा मला." त्या हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "एक आधीच सांगते. त्या चौतीसवर जाऊ नका. माझी पत्रिका तेहतीस गुणांनी जुळली होती. माणूस सज्जन होता. पण सगळ्या संसारात त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, की आज तुझा दिवस कसा गेला."

"मीही वैशालीला फारसं विचारलं नाही," सर म्हणाले. "ती गेल्यावर सुचलं."

"मग रोज चारला का बसायचा? खरं सांगा. मुलीसाठी?"

"पहिला महिनाभर."

"आणि नंतर?"

सरांनी कठडा घट्ट धरला. "नंतर स्वयंपाक बघायचो. एका माणसाचा. तांदूळ किती घ्यायचे, डाळ किती. ओवी गेल्यावर लागेल म्हणून शिकून ठेवत होतो. ते वाचताना हात पुढे जायचा नाही. आणि असं वाटायचं, की आपण इथं थांबलोय हे कुणीतरी बघतंय. मशीनच, पण बघतंय."

रूपालीताईंनी पदरानं डोळे टिपले आणि ते लपवलं नाही. "मी अर्धी वाटी घेते," त्या म्हणाल्या. "तरी उरतं."

सर आता खुर्चीत टेकले. मग रूपालीताई मास्तरणीच्या आवाजात म्हणाल्या, "लग्नबिग्नाचं मुलांनी आपल्या डोक्यात घेतलंय, ते राहू दे. तो ब्राउझरही राहू दे तिथंच पडून. चार वाजता आपण फोनवर बोलत जाऊ. तुमचे पोहे कसे झाले, ते मला सांगा."

"उद्यापासून?" सरांनी विचारलं.

"आज तर तुम्ही इथंच आहात."

दुसऱ्या दिवशी ओवी जाजम पसरून बॅग भरत बसली होती. गुवाहाटीवाल्यांना तिनं सकाळीच होकार कळवला होता. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. फोनवर बोलायला सदरा कशाला, असं ओवीनं विचारलं नाही. चारच्या ठोक्याला त्यांनी नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. तिसऱ्यांदाही तेच. त्यांचा चेहरा उतरला. "त्यांना दुसरा कुणाचा तरी फोन आलेला दिसतो," ते म्हणाले. "किंवा विचार बदलला असेल. साहजिक आहे." आणि चौथ्यांदा नंबर फिरवला.

ओवीनं हातातला स्वेटर खाली ठेवला. "पप्पा, त्या तुम्हालाच लावतायत. फोन कुणी करायचा, ते ठरवलं नव्हतं ना तुम्ही?"

"नाही."

"मग जरा तो खाली ठेवा."

सरांनी फोन टेबलावर ठेवला आणि हात मागे बांधून त्याच्यासमोर उभे राहिले.